पहिली इलेक्ट्रिक गिटार घरीच लावताना : कोणती हत्यारे हवीत आणि ती कशी वापरावीत

ब्रह्मपुरीच्या आसपासच्या आमच्या खेड्यांत नवी गिटार येते ती बहुधा कुरियरने, आणि खोका उघडल्यावर पहिल्या तासाभरातच ती वाजवणाऱ्याला निराश करते. तारा इतक्या उंच असतात की दाबताना बोटांची टोके दुखतात, मोकळी तार सुरात असली तरी बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीवर, दाबलेला सूर वर चढतो, आणि जाड तार मध्येच कुठेतरी खरखरते. घरचे म्हणतात, वस्तू खराब निघाली. मुलगा मनातल्या मनात म्हणतो, माझीच बोटे कच्ची आहेत. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. दुसऱ्याच हवामानात तयार झालेली आणि कित्येक आठवडे गोदामात नि ट्रकमध्ये पडून राहिलेली ती एक लाकडी वस्तू असते, आणि आपल्या घरी, आपल्या हवेत तिची जुळणी नव्याने करावी लागते. या जुळणीलाच गिटारवाले ‘सेटअप’ म्हणतात. हार्मोनियम सोडून बाकी जवळजवळ प्रत्येक वाद्य आपण वाजवण्यापूर्वी लावतोच. तबल्याला हातोडी लागते, खंजिरी शेकावी लागते. गिटारीला त्याहून थोडी अधिक मोजमापे लागतात, एवढाच फरक आहे.

हे काम नागपूरला जाऊन करून घेता येते, पण त्यात एक पूर्ण दिवस जातो, आणि ऋतू पालटला की तीच खेप पुन्हा करावी लागते. म्हणून ते घरी शिकून घ्यावे असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी लागणारी निम्मी साधने गावातच, दुचाकी दुरुस्तीच्या आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत, आधीपासून असतात. उरलेल्यांपैकी दोन-तीन मात्र चांगलीच घ्यावी लागतात, आणि तेथे पैसे वाचवले की नुकसान गिटारीचे होते.

आधी मोजण्याची साधने

पेचकस हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी मोजता आल्या पाहिजेत : तारेचा सूर, मानेचा बाक, तारेची उंची आणि खोलीतील आर्द्रता.

सुरासाठी ट्यूनर लागतो. गिटारीच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा क्लिप ट्यूनर लाकडातील कंपने थेट ओळखतो, त्यामुळे आजूबाजूच्या आवाजाचा त्याला त्रास होत नाही. मोबाइलमधील मोफत ॲपनेही काम भागते, पण ते माइकवर ऐकते. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत घराघरांत कुलर चालू असतो आणि त्याच्या घरघरीत ॲपचा काटा जागेवर राहत नाही. ॲप वापरायचे असेल तर तेवढा वेळ कुलर आणि पंखा बंद करावा. ट्यूनर असा घ्यावा की जो नुसते हिरवे-लाल दिवे न दाखवता सेंट दाखवतो. दोन लगतच्या स्वरांमधील, म्हणजे एका अर्धस्वराच्या, अंतराचे शंभर भाग केले की त्यातील एक भाग म्हणजे एक सेंट. पुढे सॅडल, म्हणजे बुडाकडे ज्यावर तार टेकते तो छोटा तुकडा, सरकवताना दोन-तीन सेंटांचा फरकही आपल्याला पाहावा लागणार आहे.

उंचीसाठी सहा इंची स्टीलची पट्टी घ्यावी. शाळेच्या कंपासपेटीतील प्लॅस्टिकची पट्टी येथे चालत नाही, कारण तिच्यावर शून्याच्या रेषेआधी थोडी कोरी जागा सोडलेली असते. स्टीलच्या पट्टीचे शून्य अगदी तिच्या कडेपासून सुरू झाले पाहिजे आणि तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असल्या पाहिजेत. तालुक्याच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात ती मिळते. फक्त घेताना कडेवर नख फिरवून ती घासलेली किंवा बोथट नाही याची खात्री करावी.

मानेचा बाक मोजण्याचे साधन मात्र मला अनपेक्षित ठिकाणी सापडले. दाबलेल्या तारेखाली जी फट मोजायची असते ती पाव मिलिमीटरच्या आसपास असते, आणि पट्टीने ती वाचता येत नाही. तिच्यासाठी फिलर गेज लागतो : वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, ज्याच्या प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली असते. हेच साधन दुचाकीचे टॅपेट सेट करताना मेकॅनिक वापरतो. आमच्या गावच्या मेकॅनिककडे मी पहिल्यांदा ते मागायला गेलो तेव्हा त्यांनी विचारले, “कोनती गाडी हाय?” मी गिटार म्हटल्यावर ते हात पुसून स्वतःच पाहायला आले. ०.२५ चे पाते त्यांनी आधी कापडाने दोनदा पुसले, कारण त्यावरील तेलाचा थरही मापात मिसळतो, आणि मग आठव्या फ्रेटवर, तारेच्या खालून, बोटांवर अजिबात जोर न देता ते सरकवले. पाते अलगद आत गेले आणि तार हललीसुद्धा नाही. त्यांनी त्यापुढचे ०.३० चे पाते घेतले; या वेळी तार केसभर वर उचलली गेली. “हे त टॅपेटच झालं ना भाऊ,” ते म्हणाले, आणि ते अगदी बरोबर होते. पाते तारेला स्पर्श करते पण तिला ढकलत नाही, ते माप खरे. आता माझ्याकडे स्वतःचा गेज आहे, पण ज्याला अजून घ्यायचा नसेल त्याने तो तासाभरासाठी मागून आणण्यात काहीच संकोच मानू नये.

चौथे साधन म्हणजे खोलीतील आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र. सुरुवातीला ते चैनीचे वाटते. विदर्भात ते गरजेचे आहे, आणि का ते पुढे येईलच.

फिरवण्याची हत्यारे

एलन कीचा, म्हणजे षटकोनी वाकड्या चाव्यांचा, संच ही सर्वांत महत्त्वाची खरेदी होय. स्वस्त संचातील लोखंड मऊ असते, दोन-चार वेळा वापरल्यावर चावीची कड गोल होते, आणि गोल झालेली चावी स्क्रूची खाचही गोल करून टाकते. दीड मिलिमीटरची चावी ब्रिजवरील, म्हणजे सॅडल बसवलेल्या बुडाकडच्या पट्टीवरील, सॅडल वर-खाली करण्यासाठी आणि चार किंवा पाच मिलिमीटरची चावी मानेतील सळईसाठी, म्हणजे ट्रस रॉडसाठी, एवढ्यावर आशियात बनलेल्या बहुतेक गिटारींचे काम होते. पण अमेरिकी बनावटीच्या किंवा जुन्या गिटारींना इंची मापाच्या चाव्या लागतात, आणि तेथे खरा धोका आहे. एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मि.मी.; त्या खाचेत तीन मिलिमीटरची चावी सहज बसते, किंचित हलते, आणि जोर लावताच आतले कोपरे खाऊन टाकते. मी ही चूक एका ओळखीच्याकडून आणलेल्या जुन्या गिटारीवर केली आहे. चावी थोडी सैल आहे हे मला हाताला कळत होते, तरी पाव फेऱ्याचेच तर काम आहे असे समजून मी जोर लावला. चावी आत फिरली आणि खाच गुळगुळीत झाली. ती गिटार नागपूरला पाठवावी लागली, आणि खराब झालेली खाच काढून दुसरी बसवायला गिटारीच्या निम्म्या किमतीएवढा खर्च आला. त्यातही ती गिटार दुसऱ्याची होती, याचे वाईट अधिक वाटले. तेव्हापासून माझा एक नियम आहे : चावी घातल्यावर ती न फिरवता नुसती हलवून पाहायची, जराही खडखडली तर काढून घ्यायची आणि योग्य माप मिळेपर्यंत थांबायचे. चार मिलिमीटर आणि पाच बत्तीसांश इंच ही मापे जवळजवळ सारखी असल्याने तेवढी अदलाबदल चालते. बाकी कोठेही ती करू नये.

पेचकसाचेही तसेच आहे. चौफुलीच्या टोकाचे दोन आकार लागतात, पिकअप (तारांची कंपने विजेत बदलणारे चुंबक आणि वेटोळे) आणि सॅडलच्या बारीक स्क्रूंसाठी एक नंबरचा आणि मानेच्या व मागील झाकणाच्या स्क्रूंसाठी दोन नंबरचा. टोक खाचेत पूर्ण बसले की पेचकस हात सोडूनही क्षणभर उभा राहतो. तसे झाले नाही तर आकार चुकला आहे.

तारा कापण्यासाठी इलेक्ट्रिशियनचा छोटा कटर पुरतो. पक्कडीच्या मधल्या धारेने तार चिरडते आणि तिचे टोक फुटून बोटात घुसते, म्हणून ती टाळावी. खुंटी भराभर फिरवण्यासाठी प्लॅस्टिकचा वाइंडर मिळतो. तो नसला तरी चालते, वेळ तेवढा अधिक जातो. पहिल्या फ्रेटवर तारा दाबून ठेवायला कॅपो हवा, आणि तो येईपर्यंत एक पेन्सिल आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी रबरबँडने करकचून बांधली तरी मोजणीपुरते काम होते.

कामाच्या जागेसाठी काहीही विकत घेऊ नये. चौकीवर जाड गोधडी दुमडून टाकावी आणि मानेखाली टेकू म्हणून तांदळाने तीन-चतुर्थांश भरलेली, तोंड शिवलेली छोटी कापडी पिशवी ठेवावी. तांदूळ मानेच्या गोलाईप्रमाणे बसतो आणि गिटार घसरत नाही. आमच्या धानपट्ट्यात त्यासाठी कणीसुद्धा चालते. दुकानात मिळणारे रबरी टेकू मी वापरून पाहिले आहेत. पिशवी त्यांच्यापेक्षा कमी पडत नाही.

कामाचा क्रम

क्रम मोडला तर केलेले काम वाया जाते, कारण पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. आधी नव्या तारा, मग सूर, मग मानेचा बाक, मग उंची, मग बाराव्या फ्रेटचा सूर, आणि शेवटी पिकअप.

कारखान्यातून आलेल्या तारा बहुधा वाटेतच गंजलेल्या असतात, त्यामुळे त्या बदलूनच सुरुवात करावी. पुढे कायम ज्या जाडीच्या तारा वापरायच्या त्याच आता चढवाव्यात. नऊ ते बेचाळीसच्या संचात सर्वांत बारीक तार ०.००९ इंच, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटरची असते आणि जाड तार एक मिलिमीटरहून थोडी अधिक. पूर्ण लांबीच्या, म्हणजे साडेपंचवीस इंची मापाच्या गिटारीवर हा संच सुरात आणला की सहा तारांचा मिळून ताण सुमारे ३८ किलो होतो. दहा ते सेहेचाळीसचा संच चढवला तर तो सेहेचाळीस किलोच्या आसपास जातो. धानाच्या एका कट्ट्याएवढे वजन ती मान सतत ओढून धरत असते. तारांची जाडी बदलली की हा ताण बदलतो आणि सगळी जुळणी पुन्हा करावी लागते, ते यामुळे. नव्याने शिकणाऱ्याने नऊचा संच घ्यावा, आणि बारीक तार सर्वाधिक तुटत असल्याने तिच्या दोन सुट्या तारा जवळ ठेवाव्यात. जुन्या तारा कापण्यापूर्वी पूर्ण सैल कराव्यात. ताणलेली तार कापली तर तिचे टोक डोळ्याकडे झेपावते.

तारा उतरलेल्या असतानाच फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी, पाहून घ्यावा. गडद तपकिरी फ्रेटबोर्ड पुष्कळदा भारतीय शिसवाचा असतो, तोच शिसव जो आपल्या जंगलांत उभा आहे. कोरडा पडलेला शिसव फिकट दिसतो. त्याला गिटारीसाठी मिळणाऱ्या तेलाचे चार थेंब चोळून लगेच पुसून घ्यावे, वर्षातून दोनदा पुरे. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नये, ते लाकडात चिकट राहते आणि धूळ धरते. पिवळसर, चकचकीत मॅपलच्या फ्रेटबोर्डावर पॉलिशचा थर असतो, त्याला तेलाची गरजच नाही.

गिटारीला हलता ब्रिज, म्हणजे दांडी असलेला ट्रेमोलो, असेल तर आणखी एक काम आहे. नव्या शिकणाऱ्याने तो सुरुवातीला बंदच ठेवावा असे मी सुचवतो. मागचे झाकण काढल्यावर स्प्रिंगा धरून ठेवणाऱ्या पट्टीचे दोन मोठे स्क्रू दिसतात. ते आलटून-पालटून थोडे थोडे घट्ट केले की ब्रिज लाकडावर सपाट टेकतो आणि एक तार तुटली तरी बाकीच्या पाच बेसूर होत नाहीत.

आता मान. मानेच्या आत एक पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तारांच्या ताणाने मान पुढे वाकू पाहते आणि ही सळई तिला मागे धरते. फिरवून घट्ट-सैल करता येणारा ट्रस रॉड गिब्सन या गिटार बनवणाऱ्या कंपनीत १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला, आणि शंभर वर्षांनंतरही तत्त्व तेच आहे. मान अगदी सरळ असून चालत नाही, कारण कंप पावणारी तार मध्यभागी सर्वाधिक जागा घेते. तेथे तिला थोडी मोकळीक, म्हणजे किंचित बाक, लागतो. गिटार सुरात लावून, वाजवताना धरतो तशा स्थितीत धरावी. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावावा, एका हाताने जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबावी, आणि दुसऱ्या हाताने आठव्या फ्रेटच्या माथ्यावर फिलर गेजचे पाते सरकवावे. फट ०.२५ मि.मी.च्या आसपास असली म्हणजे ठीक. ती याहून बरीच अधिक असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट करावा; फटच नसेल तर उलट दिशेने सैल करावा. एका वेळी एक अष्टमांश फेरा पुरे, पाव फेऱ्याच्या पुढे कधीच जाऊ नये. फिरवल्यावर पुन्हा सुरात आणावी, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, आणि पुन्हा मोजावे. लाकूड लगेच हलते, पण पूर्ण स्थिरावायला वेळ घेते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच माप पुन्हा घेतलेले बरे. चावी योग्य मापाची असूनही मध्यम जोराने ती फिरत नसेल तर तेथेच थांबावे, कारण त्यापुढचा जोर सळई तोडू शकतो आणि सळई तुटली की मानच बदलावी लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो मला जवळजवळ प्रत्येक मुलाकडे दिसतो. तारा उंच वाटल्या की ट्रस रॉड आवळायचा, हे चूक आहे. ट्रस रॉड केवळ बाकासाठी असतो. उंची ठरते ती ब्रिजवरच्या सॅडलने.

उंची मोजताना कॅपो काढून टाकावा आणि स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटच्या माथ्यावर उभी ठेवावी. तारेच्या मागे पांढरा कागद धरला तर वाचणे सोपे जाते. जाड तारेची खालची कड सुमारे २ मि.मी.वर आणि बारीक तारेची दीड ते पावणेदोन मि.मी.वर असली म्हणजे पहिल्या गिटारीला उत्तम. सॅडलच्या दोन बारीक स्क्रूंनी ती वर-खाली होते, आणि दोन्ही स्क्रू सारखेच फिरवावे लागतात, नाहीतर सॅडल तिरके बसते. एक हिशेब ध्यानात ठेवावा : बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली हवी असेल तर सॅडल सुमारे एक मिलिमीटर खाली न्यावे लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. मधल्या चार तारा फ्रेटबोर्डाच्या गोलाईप्रमाणे बसवाव्यात. काही गिटारींना स्वतंत्र सॅडल-स्क्रू नसतात, दोन टोकांना दोन चकत्या असतात. तेथे सगळा ब्रिजच एकदम वर-खाली होतो आणि गोलाईची काळजी कारखान्याने घेतलेली असते.

प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहावी. सगळीकडे थोडी खरखर असेल तर उंची कमी पडली आहे. एकाच ठिकाणी खरखरत असेल तर तेथला पुढचा फ्रेट वर आलेला असू शकतो, आणि कानस घेऊन तो घासण्याचा मोह टाळावा. पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच तारा कडक लागत असतील तर दोष डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीत, म्हणजे ‘नट’मध्ये असतो. तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबावी आणि पहिल्या फ्रेटवर पाहावे. तेथे केसाएवढी फट दिसली पाहिजे. ती फार मोठी असेल तर खाचा खोल कराव्या लागतात, त्यासाठीच्या कानशी महाग असतात, आणि एकदा जास्त घासले गेले की परत येत नाही. पट्टी बदलण्याचे, फ्रेट समतल करण्याचे हे काम जाणकाराकडेच द्यावे. खाचेत तार अडकून सूर लावताना ‘टिक’ असा आवाज येत असेल, तर मात्र पेन्सिलीचे टोक खाचेत दोन-तीनदा फिरवावे. शिशातील ग्रॅफाइट तारेला सरकू देते.

त्यानंतर बाराव्या फ्रेटचा सूर, ज्याला इंटोनेशन म्हणतात. तार मोकळी वाजवून अचूक सुरात आणावी, मग बाराव्या फ्रेटच्या नेमके वर बोट नुसते टेकवून घंटीसारखा सूर काढावा, आणि मग तीच तार तेथे दाबून वाजवावी. दोन्ही सूर ट्यूनरवर सारखे दिसले पाहिजेत. दाबलेला सूर चढत असेल तर तारेची लांबी वाढवायची, म्हणजे सॅडल मागे, गिटारीच्या बुडाकडे न्यायचे. उतरत असेल तर सॅडल मानेकडे आणायचे. सॅडल सरकवण्यापूर्वी तार थोडी सैल करावी, नाहीतर स्क्रू आणि तार दोन्ही झिजतात. प्रत्येक वेळी सुरात आणून पुन्हा तपासावे. दोन सेंटांच्या आत आले की थांबावे, कारण बोटाच्या दाबाने तेवढा फरक तसाही पडतो. आणि हे सर्व नव्या तारांवरच करावे; जुन्या, घामाने खराब झालेल्या तारेवर हा मेळ बसतच नाही.

वीज

पिकअपची उंची साध्या पेचकसाने बदलते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या चुंबकापर्यंत मोजावे. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपसाठी जाड तारेकडे २ मि.मी. आणि बारीक तारेकडे दीड मि.मी.हून थोडे अधिक हे चांगले माप आहे. पिकअप याहून जवळ आणला तर आवाज मोठा होतो खरा, पण चुंबक तारेला ओढतो आणि सूर थरथरू लागतो. एकेरी पिकअपमधून येणारी बारीक घूं आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची असते, तो दोष नाही. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर गिटारीची आतील जोडणी ठीक आहे.

हात लावल्यावर ती वाढत असेल किंवा बोटांना झिणझिण्या येत असतील, तर ॲम्प्लिफायरची पिन तत्काळ काढावी आणि अर्थिंग तपासल्याशिवाय पुन्हा लावू नये. गिटारीच्या तारा ब्रिजमार्गे ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. घराचे अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कोणी तोडलेली असेल, तर ॲम्प्लिफायरमधील बिघाडाची वीज थेट वाजवणाऱ्याच्या हातात येऊ शकते. खेड्यांत ही पिन तोडण्याची सवय फार आहे, आणि ती जिवावर बेतणारी आहे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा जोर कमी होतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे, आणि गिटार घेण्याच्या खर्चातच इलेक्ट्रिशियनकडून घराचे अर्थिंग तपासून घेण्याचा खर्च धरावा.

या भागात मल्टिमीटर, म्हणजे वीज आणि जोडणी तपासण्याचे छोटे यंत्र, फार उपयोगी पडतो. ब्रिज आणि केबलच्या पिनेचा बाहेरचा भाग यांच्यात तो ‘बीप’ वाजला पाहिजे. बटण फिरवताना चरचर होत असेल तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातील कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून बटण वीस-तीस वेळा फिरवावे. केबल लावायच्या खाचेभोवतीचा आवळायचा नट (डोक्याजवळची ती पट्टी नव्हे) सैल झाला असेल तर तो पान्याने आवळताना आतली खाच फिरू देऊ नये, नाहीतर मागची वायर पिळून तुटते. वायर तुटलीच तर मोबाइल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत डाग देतो. त्याला फक्त सुटलेल्या जागेचा आधी काढलेला फोटो दाखवावा.

वर्षभराची वही

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. त्याच खोलीत खिडकीला लावलेला कुलर दुपारभर ओला वारा फेकतो, आणि रात्री वीज गेली की खोली पुन्हा कोरडी होते. जूनच्या अखेरीस पाऊस लागतो आणि भिंतींना ओल येते. लाकूड ही ओल शोषते आणि सोडते. पावसाळ्यात मान बहुधा पुढे वाकते आणि तारा उंच वाटू लागतात. उन्हाळ्यात ती सरळ होत जाते, जाड तार खरखरू लागते, आणि फ्रेटबोर्ड आकसल्याने फ्रेटची टोके कडेला बोटांना टोचतात. गिटारीला ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. ती वर्षभर तशी ठेवणे आपल्या घरांत शक्य नाही, पण गिटार कुलरच्या समोर किंवा पत्र्याखालच्या भिंतीला टेकवून न ठेवता आतल्या खोलीत, पिशवीत बंद करून ठेवणे सहज शक्य आहे. आर्द्रतेचे यंत्र त्या पिशवीजवळच ठेवावे.

यासाठी मी एक साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक नोंदीत तारीख, आर्द्रता, आठव्या फ्रेटची फट, बाराव्या फ्रेटवरील जाड आणि बारीक तारेची उंची, आणि काय किती फिरवले, एवढेच लिहितो. भाच्याच्या गिटारीची गेल्या पावसाळ्यातील नोंद अशी आहे : फट ०.३५, जाड तार २.३, बारीक १.८, ट्रस रॉड अष्टमांश फेरा घट्ट, दुसऱ्या सकाळी फट ०.२५, जाड तार २.१, सॅडलला हात लावला नाही. दिवाळीनंतर, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम वडसा भागात सुरू होतो त्या सुमारास, हवा कोरडी होऊ लागली की तोच अष्टमांश फेरा परत सैल करावा लागतो. वही नसती तर तारा उंच झाल्या म्हणून त्याने पावसाळ्यात सॅडल खाली केले असते, आणि हिवाळ्यात सगळ्या तारा खरखरल्या असत्या. वर्षातून तीनदा, एप्रिलमध्ये, पाऊस लागून महिना झाल्यावर आणि दिवाळीनंतर, ही मापे घ्यावीत. साधने हाताशी असली तर त्याला अर्धा तास पुरतो.